मागे कोण उभं आहे

बॅटरीला बटन नसतं. हे एवढं साधं वाक्य ताईने धाकट्या भावाला सात वर्षांत सातशे वेळा ऐकवलं असेल. दिवा विझतो, मोटर थांबते. बॅटरी उघडून टेबलावर ठेवली तरी तिची वीज तिच्यातच असते. आणि ही वीज माणसाला लांब फेकत नाही, धरून ठेवते. मूठ आवळली की आवळली.

म्हणून त्यांच्या विजेवरच्या गाड्यांच्या गॅरेजात एक नियम होता. उघड्या बॅटरीत एकाने हात घातला की दुसऱ्याने मागे रबरी चटईवर उभं राहायचं. हातात सहा फुटी फायबरचा दांडा, टोकाला मोठा आकडा. पुढचा चिकटला तर कमरेत आकडा घालून त्याला मागे ओढायचं, बस. फोन नाही, गप्पा नाहीत. हात घालणाऱ्याने दर वेळी विचारायचं, "आहेस का?" आणि मागून "आहे" ऐकू आल्याशिवाय बोटही पुढे न्यायचं नाही.

हा नियम काही पुस्तकातला नव्हता. ताई बसडेपोत कामाला असताना तिच्या डोळ्यांदेखत एक वायरमन चिकटला होता. तो थरथरत होता आणि बाकीचे चौघे खिदळत होते. त्यांना वाटलं, पठ्ठ्या नाचून दाखवतोय. त्यांचं हसू आवरेपर्यंत माणूस गेला होता.

त्या दिवशी गॅरेजात दाताच्या डॉक्टरांची गाडी उभी होती. विजेवरची स्पोर्ट्स कार, दोन सीटची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी, पंधरा वर्षं जुनी. पळायला वारा, पण चार्ज व्हायला अख्खी रात्र खायची. कंपनीने हात वर केले होते: या मॉडेलला फास्ट चार्जिंग बसत नाही, नवीन गाडी घ्या. ताईने बॅटरीचा डबा उघडला, तर जाड केबल आत यायला भोकं आधीपासून पाडलेली होती, वर रबरी बुचं मारून बंद केलेली.

"बसत नाही म्हणे," ती धाकट्याला म्हणाली होती. "बसवायचं नाही, हे बोलायला जीभ जड झाली असेल."

तीन आठवडे ती त्या गाडीत डोकं घालून होती. नवं सॉकेट बसवलं. जुनी बॅटरी तापायला लागली की करंट आपोआप कमी करणारा कंट्रोलर बसवला. आता फक्त दोन जाड केबली थेट बॅटरीच्या टोकांना लावायच्या राहिल्या होत्या. मधला खटका काढून ठेवला होता, तरी माणूस मारायला पुरेल एवढी वीज आत शिल्लक होतीच.

हातमोजे चढवून ती मागच्या झाकणाखाली वाकली. वीज दोन्ही हातांतून छातीपार जाऊ नये म्हणून डावा हात पाठीशी घेतला.

"आहेस का?"

"आहे."

पहिली केबल बसली. तिने नट आवळला, वर टोपण दाबलं. दुसरी केबल उचलली.

"आहेस का?"

"आहे, आहे."

ताईचा हात हवेतच थांबला. धाकटा कधी दोनदा "आहे" म्हणायचा नाही. आणि त्याचा आवाज असा घशातून यायचा नाही.

दचकून हात ओढणं म्हणजेही मरणच. तिने केबल सावकाश बाहेर घेतली, टोकावर टोपण चढवलं आणि मग वळली.

मागे डॉक्टर उभे होते. दांडा छत्रीसारखा काखेत, हातात फोन, त्यावर तिचं शूटिंग चाललेलं. एक पाय चटईवर, दुसरा फरशीवर. आणि धाकटा बाहेर फाटकाशी कुणाच्या तरी नव्या गाडीच्या बॉनेटवर थापा मारत हसत होता.

"हे कुणी दिलं तुमच्या हातात?"

"तुमच्या भावाने. म्हणाला, ताईने विचारलं की फक्त 'आहे' म्हणा." डॉक्टर हसले. "घाबरू नका मॅडम, मी डॉक्टर आहे. काही झालंच असतं तर मी होतो."

"दाताचे डॉक्टर तुम्ही. मी मेले असते तर दात तेवढे धड राहिले असते."

तिने हाक मारली नाही. फाटकापर्यंत चालत गेली आणि धाकट्याला शर्टाच्या कॉलरला धरून आत आणलं. नव्या गाडीचा मालक बघत राहिला.

"ताई, लोकांसमोर... अगं दोनच मिनिटं गेलो होतो. नवीन काम येत होतं."

"दोन मिनिटं. डेपोतला किती वेळात गेला, माहितेय?"

"ते डेपोतलं किती दिवस उगाळणार आहेस? सात वर्षांत काही झालंय का? सात वर्षं मी बुजगावण्यासारखा तुझ्या मागे उभा आहे."

"काही झालं नाही, कारण तू उभा होतास, मूर्खा."

तो लाल झाला. "आण ते मोजे. एवढं काय सोनं लागलंय त्या कामाला? मीच लावतो."

डॉक्टर भिंतीला चिकटले. ताईने मोजे त्याच्या अंगावर फेकले, डॉक्टरांच्या काखेतला दांडा हिसकला आणि चटईवर जाऊन उभी राहिली. तिने ठरवलं होतं, आता हा विचारेल तेव्हा गप्प राहायचं. मागे कुणी नसणं म्हणजे काय, ते एकदा त्याच्या मणक्याला कळू दे.

धाकट्याने मोजे चढवून टोपण काढलं. केबल उचलली. हात पुढे नेला.

"ताई, आहेस का?"

"आहे," ती म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. स्वतःचाच एवढा राग तिला कधी आला नव्हता.

"आहेस ना?"

"आहे."

त्याने केबल बॅटरीपाशी नेली आणि पुन्हा मागे घेतली. मानेवरून घाम ओघळून त्याच्या कॉलरमध्ये जात होता.

"ताई..."

"आहे म्हटलं ना."

त्याने टोपण परत चढवलं, केबल खाली ठेवली आणि मागे सरला. "नाही जमत," तो म्हणाला. "चुकलं माझं. उद्यापासून चटईवरून हलणार नाही. शपथ."

"शपथ तुझ्याजवळच ठेव. उद्यापासून तू पुढचं टेबल बघायचंस. गिऱ्हाईकं, बिलं, थापा मारायच्या असतील त्या थापा. भाऊ आहेस, तो राहशीलच. माझ्या मागे आता तू नकोस."

"मग कोण उभं राहणार? आहे कोण तुझ्याकडे?"

कुणी नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तिने बॅटरीच्या डब्यावर जाड रबर टाकून झाकण बसवलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"पण मॅडम, गाडी आज मिळणार होती," डॉक्टर भिंतीपाशीच उभे राहून म्हणाले. "एकच केबल राहिलीय ना? मग कधी होईल?"

"मागे उभं राहणारं माणूस मिळालं की," ताई म्हणाली. "तोवर बसने जा."