तिच्या नावाचं रानफूल

मी एक रानफूल. वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या कपाटातून बोलतोय, म्हणून आवाज जरा दबका येईल. जाड कागदावर मला दोऱ्याचे टाके घालून बसवलंय, पार कंदामुळांसकट.

जन्म डोंगरउतारावरच्या दाट सावलीतला. एका ओल्या खडकाच्या कुशीत आम्ही मूठभरच होतो. वर्षभर मातीखाली झोपायचं आणि थोडे दिवस फुलायचं, एवढाच आमचा संसार. आम्हाला नाव नव्हतं आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

मग वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक आले. उभं आयुष्य रानं तुडवण्यात गेलेला माणूस. मला पाहताच ते गुडघ्यांवरच बसले. असं फूल आजवर कुणी नोंदवलेलं नव्हतं. त्यांच्या शास्त्राचा रिवाज असा, की नाव द्यायचं तर नमुना मुळासकट हवा, शिवाय दूरदूरच्या संग्रहांनाही एकेक पाठवायला हवा. आणखी वर कुठेतरी असतीलच, असं मनाशी म्हणत त्यांनी आम्हाला खणून काढलं. हात फार हळुवार. एकही कंद तुटला नाही, आणि एकही मागे राहिला नाही.

नाव त्यांनी बायकोचं दिलं. त्यांची वाट पाहण्यातच तिचे दिवस सरले होते, आता ती आजारी असायची. नाव कळल्यावर तिने एकच हट्ट धरला, ते फुललेलं बघायचं. पुढच्या बहराला ती काठी टेकत, धापा टाकत उतार चढली. खडकापाशी नुसतं शेवाळ होतं. दोघांनी वरचं रानही धुंडाळलं. आमच्यातलं कुणीच सापडलं नाही.

मग त्यांनी तिला इथे आणलं, कपाट उघडलं. मी चहाच्या डागासारखा तपकिरी झालो होतो.

"रंग कोणता होता हो?" तिने विचारलं.

"जांभळट. म्हणजे, जरा निळसरही."

"आणि वास?"

"हुंगायचं राहूनच गेलं गं."

तिने वाकून नाक माझ्याजवळ आणलं आणि हसली. "डांबरगोळ्यांचा येतोय. बरं झालं, माझ्या नावाला कसर तरी लागायची नाही."

हसता हसता तिने चष्मा पुसला. ती पुन्हा आली नाही.

आता प्राध्यापक एकटेच येतात. कपाट उघडतात, वाकतात, हुंगतात. त्यांना सांगावंसं वाटतं, वास होता हो. अगदी मंद, दिवस कलल्यावर सुटायचा. जरा थांबला असता तर कळला असता. पण माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

तुमच्यापर्यंत पोचलं असेल, तर एवढंच करा. रानात असं अनोळखी कुणी फुललेलं भेटलं, तर संध्याकाळपर्यंत शेजारी बसा. नाव काय, मागाहूनही ठेवता येतं.