खालच्या कोपऱ्यातली फट

मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत शमशुद्दीन मिस्त्रीची शेड होती, आणि त्या शेडमध्ये घाईला जागा नव्हती. थंड माल वाहणाऱ्या गाड्यांची दारं बनवण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती. मासळी असो, द्राक्षं असोत की औषधं, बाहेरचं ऊन आत जाता कामा नये. लोक म्हणत, गाडी भंगारात जाईल पण मिस्त्रीचं दार हलायचं नाही. हे ऐकून तो हसत नसे. त्याला ते खरंच वाटे.

त्याची एक रीत होती, उस्तादाकडून आलेली. जे दार नापास झालं ते तिथल्या तिथे कटरने चिरून टाकायचं. "ठेवलं की अडीनडीला हात तिकडेच जातो," असं उस्ताद म्हणायचे. त्यावर बायको अख्तरबानूचं म्हणणं असं, की एवढी दारं चिरलीत, त्यातलं एखादं आपल्या न्हाणीला लावलं असतं तर उस्ताद काय कबरीतून उठून आले असते? मिस्त्रीच्या घरी न्हाणीला अजून पडदाच होता.

डिसेंबरात एका सकाळी खराडीचा गेनबा आपल्या जीपमागे चाकांवरची एक पांढरी खोली ओढत घेऊन आला. गाडीला जोडायची आणि हवं तिथे नेऊन उभी करायची. आत पलंग, शेगडी, हात धुवायचं भांडं, सगळं होतं. गेनबा पूर्वी याच यार्डात मेथी-कोथिंबीर आणायचा. आता त्याच्या वाफ्यांवर काचेच्या कचेऱ्या उभ्या होत्या.

"भाई, हिच्या दारातनं वारं येतं," तो म्हणाला. "आन् तुळजेला आता झुळूकबी सोसत न्हाय."

तुळजाबाई म्हणजे त्याची बायको. तिची फुप्फुसं निकामी होत चालली होती. माहेर खडकवासल्याच्या पाण्याकाठचं. एकदा तिथे जाऊन दोन दिवस राहायचं, एवढंच तिने मागितलं होतं. माहेरी आता माणूस उरलं नव्हतं, घरही उरलं नव्हतं. होतं ते पाणी आणि काठावरचं चिंचेचं झाड. डॉक्टर म्हणाले होते, गार वारा आणि धूळ टाळता येत असेल तर न्या. म्हणून गेनबाने ही खोली घेतली, आणि पलंग निघाला नेमका दाराला लागून.

शमशुद्दीनने दारावर बोटाचं पेर वाजवलं. दार पोकळ वाजलं. "हे दार नाही, बिस्किटाचा पुडा आहे," असं म्हणत त्याने ते उतरवलं आणि गेनबाच्या देखत मधोमध चिरलं. आत थर्माकोलचे दोन तुकडे निघाले, थोडी पुठ्ठ्याची जाळी निघाली, बाकी नुसती हवा. चौकटीचे कोपरे चिकटपट्टीवर तगलेले.

"वरनं किती झ्याक दिसत व्हतं," गेनबा म्हणाला.

"वरून सगळंच झ्याक दिसतं. आठ दिवस द्या."

आठ दिवसांत दार झालं. ॲल्युमिनियमची चौकट, दोन पत्रे, मध्ये ओतलेला आणि शिकंज्यात आवळून घट्ट केलेला फोमचा फेस, कडेने दुहेरी रबर. दार लावून बघायच्या दिवशी गेनबा तुळजाबाईला घेऊन आला. शाल, स्वेटर, कानाला मफलर, आणि दर दोन पावलांवर धाप. ती पायरी चढून पलंगावर बसली आणि खिडकीतून यार्डातल्या कांद्याच्या गोण्या अशा कौतुकाने बघू लागली, जणू समोर धरणच आहे.

शमशुद्दीनने पतंगाच्या कागदाच्या पट्ट्या काढल्या. पट्टी चौकटीवर धरून दार लावायचं आणि बाहेरून ओढायची. फाटली तर दार पास, सरकत हातात आली तर नापास. अकरा जागी पट्टी फाटली. बाराव्या जागी, बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात, ती सुळकन बाहेर आली.

त्याने दार उघडलं. "नापास."

"एवढ्याशा फटीनं काय व्हतंय, भावजी," तुळजाबाई म्हणाली. "सारा जल्म पत्र्याच्या घरात काढला. फटी मोजत बसले असते तर झोप कवा लागली असती? ऱ्हाऊ द्या. म्या तितं गोधडी खोचीन."

"वहिनी, तुमचं डोकं नेमकं त्याच कोपऱ्याशी येतं. अजून आठ दिवस थांबा. असं दार देतो, की वारा आत यायला परवानगी मागेल."

ती हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. उबळ बराच वेळ थांबली नाही.

"नवं व्हईस्तवर हे तरी लावलेलं असू द्या," गेनबा म्हणाला.

शमशुद्दीनने नकारार्थी मान हलवली. तुळजाबाई जीपमध्ये जाऊन बसेपर्यंत तो थांबला, तिला धूळ नको म्हणून. मग त्याने कटर चालू केला. काचेआडून ती बघत होती.

सहाव्या दिवशी दुपारी गेनबाचा फोन आला. "भाई, कसलंबी दार लावा. डाक्टर म्हनत्यात, आज-उद्या. ती सारखी पानी बघायचं म्हनती."

शमशुद्दीनने शेडभर नजर फिरवली. भिंतीशी चिरलेल्या दारांचा ढीग होता. नवं दार शिकंज्यात होतं. फेस बसायला अजून रात्र जायला हवी होती, आधी सोडलं तर पत्रा फुगला असता. खोलीला दाराच्या जागी उघडं भोक होतं.

"उद्या दुपारी," तो म्हणाला.

अख्तरबानू डबा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं. "न्हाणीचा पडदा काढून आणते," ती म्हणाली. "दोन गोधड्या वर ठोकू. जाऊ दे बाईला."

"हमरस्त्याची धूळ पडद्याने थांबते का?"

"धुळीने मरायला तिच्याकडे दिवस कुठे उरलेत?"

त्याला तिचं म्हणणं पटलं होतं, पण चाळीस वर्षं माणूस एकच रीत पाळतो तेव्हा त्याचे हात ऐकत नाहीत. तो शिकंज्याशी जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दार काढलं आणि चढवलं. बाराही पट्ट्या फाटल्या. शेवटचा स्क्रू आवळत असताना फोन वाजला. तुळजाबाई सकाळी गेली होती.

तेरावं झाल्यावर गेनबा खोली न्यायला आला. काखेत एक गोधडी होती. त्याने दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं, कडेच्या रबरावरून अंगठा फिरवला.

"लई ब्येस झालंय, भाई. दुसरा असता तर कसंबी मारून दिलं असतं."

शमशुद्दीनला ते सहन झालं नाही. "अण्णा, आभार मानू नका. फटीचं दार होतं तेव्हा वहिनी जाऊन आल्या असत्या. पाणी बघून आल्या असत्या. मी ते चिरलं. तुम्ही नको म्हणत असताना चिरलं."

"ठावं हाय की. म्या हितंच व्हतो." गेनबाने काखेतली गोधडी पुढे धरली. "तीबी जीपमधी म्हनली, मानूस लई हट्टी हाय, पर माज्यासाठी हट्टी हाय. ही गोधडी तिनं त्याच रातीला काढून ठिवली व्हती. म्हनली, भावजींचं काय सांगता येत न्हाय, फट ऱ्हायलीच तर खोचाया असू द्यावी."

मग तो पायरी चढून आत गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.

शमशुद्दीन बाहेर उभा राहिला. आत काही चाहूल लागेना. त्याने दाराला कान लावला. गोण्या उतरवणाऱ्या हमालांच्या हाका ऐकू येत होत्या, मागे घेतल्या जाणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकू येत होता. हातभर अंतरावरचा गेनबा तेवढा ऐकू येत नव्हता. मग त्याची नजर खाली गेली. खोली टेकूवर किंचित हलत होती. थांबायची आणि पुन्हा हलायची.

आत माणूस रडत होता, आणि त्याचा हुंदका बाहेर येणार नाही अशी सोय शमशुद्दीनने स्वतःच्या हातांनी केली होती. तो गुडघ्यावर बसला आणि बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात त्याने बोट फिरवून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला तिथे फट हवी होती.