लगबगी आणि रेंगाळी

तेव्हा विद्यापीठाच्या आवारात दोनच बस होत्या आणि रस्ता एकच, बांगडीसारखा गोल. एक बस त्या रस्त्यावरून उजवीकडून फिरायची, दुसरी डावीकडून. दिवसातून कितीदा तरी त्या समोरासमोर यायच्या, ड्रायव्हर एकमेकांना हात करायचे आणि आपापल्या वाटेला लागायचे. पाटीवर त्यांची नावं 'अ' आणि 'ब' होती, पण ती फक्त पाटीवरच. मुलींच्या वसतिगृहात त्यांना लगबगी आणि रेंगाळी म्हणत.

त्याचं कारण असं की ग्रंथालयापासून वसतिगृहाकडे निघालं तर लगबगी दोन थांब्यांत दारात आणून सोडायची. रेंगाळी उलट्या अंगानं जायची. फाटक, प्रयोगशाळा, शेतकी विभागाचे वाफे, प्राध्यापकांची घरं, असं अख्खं आवार पालथं घालून मग त्याच दारात. जिला भूक लागलेली असे ती लगबगीत चढायची. जिचं बोलणं उरलेलं असे ती रेंगाळीसाठी थांबायची. थांब्यावरच्या दोघींनी समोर आलेली लगबगी सोडून दिली की बाकीच्या काय ते समजून जायच्या.

शिडी आणि भिंगरी ह्या दोघींनी तर लगबगी सोडण्यात नाव काढलं होतं. शिडी गणिताची, उंच, कमी बोलणारी. भिंगरी वनस्पतिशास्त्राची, शिडीच्या खांद्याएवढी, आणि तोंडाचा पट्टा असा की बस थांबली तरी हिचं इंजिन चालूच. रेंगाळीचा ड्रायव्हर, ज्याला सगळ्या मामा म्हणत, तो दार उघडता उघडता विचारायचा, "आज कुणाचं गाऱ्हाणं? मास्तरणीचं की मेसचं?" भिंगरी खिडकीत बसून त्याला ऐकू जाईल असं गुणगुणायची,

रेंगाळी गं आली बस, तिला कुठं जायाची घाई
माझ्या गं साजणीचं बोलणं सरत न्हाई।

आणि मामा मुद्दाम गियर खालचा टाकायचा.

त्या गोष्टीला आता आयुष्य उलटलं. शिडी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. भिंगरीनं बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी काढली. लग्नं झाली, संसार झाले, पण मैत्री काही सैल पडली नाही. उलट शिडीच्या मुलाचं भिंगरीच्या मुलीशी लग्न झालं आणि दोघी मैत्रिणी विहिणी झाल्या. तेव्हा त्या एकमेकींना "अहो विहीणबाई" म्हणून इतक्या हसायच्या की मांडवातल्या माणसांना वाटे, ह्यांना काही झालंय.

मग ते लग्न मोडलं.

दोघींचं भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं, असं शिडीला पुढे कितीदा वाटलं. वकील म्हणाले, तिकडच्यांशी फोनवर बोलू नका, शब्द न् शब्द कोर्टात उभा राहतो. म्हणून फोन थांबले. पुढे कागद झाले, नात आईकडे राहिली, सुट्टीत बापाकडे येऊ लागली, वकील आपापल्या घरी गेले. पण थांबलेला फोन कुणी उचलायचा? भांडण असतं तर मिटवता आलं असतं. जे झालंच नाही ते मिटवायचं कसं? वर्षं अशीच गेली, पाण्यात भिजून घट्ट झालेल्या गाठीसारखी.

आणि आता नातीला त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला. वसतिगृहात सोडायला कोण जाणार, ह्यावरून तिच्या आईबापात तणातणी झाली. दोघं एका खोलीत उभं राहायला तयार नाहीत. शेवटी नातच म्हणाली, "तुम्ही कुणीच येऊ नका. दोन्ही आज्या येऊ देत." नातीनं लहानपणीच त्यांना नावं दिली होती, उंच आजी आणि बुटकी आजी.

तर अशा त्या दोघी सकाळी फाटकाशी भेटल्या. मधे नात, तिची बॅग आणि गुंडाळलेली गादी.

"प्रवास नीट झाला ना तुमचा?" भिंगरीनं विचारलं.

"हो. तुमचा?"

"झाला की."

एवढंच. भिंगरीच्या तोंडून 'तुमचा' ऐकताना शिडीला नवीन चप्पल चावावी तसं झालं. भिंगरी वाळली होती. केस पांढरे, पण कापलेले, पोरासारखे. नातीनं एका डोळ्यानं ह्या आजीकडे आणि दुसऱ्यानं त्या आजीकडे बघत गादी बसमध्ये चढवली. खोलीत गेल्यावर उंच आजीनं कपाटाच्या वरच्या फळ्या पुसल्या, बुटकीनं खालच्या. कामाची वाटणी अशी बिनबोलता झाली की नात म्हणाली, "तुम्ही दोघी इथंच राहा, मी घरी जाते." कुणी हसलं नाही. म्हणजे हसू आलं होतं दोघींना, पण आधी कुणी हसायचं हा प्रश्न होता.

दुपारी त्या वसतिगृहाच्या थांब्यावर येऊन उभ्या राहिल्या. फाटकापाशी उतरलं की शिडी डावीकडे स्टेशनला जाणार, भिंगरी उजवीकडे भाचीकडे. त्यानंतर भेटायला कारण उरणार नव्हतं. नातीचं लग्न होईल तेव्हा, तोवर आपण असलो तर. शिडीला हे स्पष्ट दिसत होतं. जे काही बोलायचं ते ह्या एका बसमध्ये, नाहीतर कधीच नाही. आणि तिला तर पहिला शब्द सापडत नव्हता.

रस्ता आता एकेरी झाला होता. दोन बसऐवजी पुष्कळ बस, पण सगळ्या एकाच दिशेच्या, इंजिनाचा आवाज नसलेल्या, पांढऱ्या. भिंगरीनं पाटी वाचली, मान वर करून.

"रेंगाळी बंद केली वाटतं," ती कुणालाच नाही अशी म्हणाली.

शिडीच्या घशाशी उत्तर आलं आणि बस आली.

भिंगरी पुढच्या बाकावर बसली, शिडी तिच्या मागे. शिडीला दिसत होती ती फक्त तिची मान, आणि मानेवरचा तीळ, जो भिंगरीला स्वतःला कधी दिसला नव्हता आणि ज्याची खबर शिडीनंच तिला दिली होती. ड्रायव्हर एक तरुण बाई होती, गॉगल लावलेली. छतातून यंत्राचा गोड आवाज पुढच्या थांब्याचं नाव सांगत होता. सगळी नावं नवीन. प्राध्यापकांची बैठी घरं जाऊन तिथं काचेच्या इमारती आल्या होत्या. पण सुरूच्या झाडांची रांग तीच होती आणि तिची सावली तशीच, पट्ट्यापट्ट्यांची, बसमधून सरकत गेली. शिडीच्या मांडीवरून, मग भिंगरीच्या मानेवरून.

पुढच्या थांब्यावर पोरांचा एक घोळका चढला. त्यांच्याकडे पुठ्ठ्याचा भला मोठा पूल होता, कसल्या तरी स्पर्धेचा.

"आजी, तुम्ही मागे बसता का? पूल मोडेल."

"पूल सांभाळा बाबा," म्हणत भिंगरी उठली आणि शिडीशेजारी येऊन बसली. दुसरी जागाच नव्हती.

दोघी समोर बघत राहिल्या. बस वळली. डाव्या हाताला मोकळी हिरवळ होती, मुलं पालथी पडून मोबाइल बघत होती.

"इथं दवाखाना होता," शिडी म्हणाली. आपला आवाज तिला परक्याचा वाटला.

"इथं? इथं पाण्याची टाकी होती. दवाखाना नंतर."

"नाही हो. आधी दवाखाना. आपण आता उलट्या बाजूनं चाललोय, म्हणून तुमचा घोटाळा होतोय."

"माझा घोटाळा? मला ताप होता तेव्हा मीच गेले होते ना त्या दवाखान्यात?"

"मला होता ताप! तुम्ही सोबत आला होतात."

"सोबत आलेल्या माणसालाच रस्ता लक्षात राहतो. तापातल्या माणसाला काय कळतंय!" भिंगरीचा आवाज चढला. "आणि टाकी मला लख्ख आठवते. टाकी दिसली आणि तू म्हणालीस, मला मुलगा झाला नि तुला मुलगी झाली तर लग्न लावून देऊ."

पूलवाल्या पोरांतला एक वळून बघायला लागला.

"मी म्हणाले?" शिडी पूर्ण वळली. "मी? तू म्हणालीस ते!"

"मी कशाला म्हणेन? मला लग्नाचाच कंटाळा होता तेव्हा."

"तूच म्हणालीस. आणि पुढे पोरांची ओळख कुणी करून दिली? सुट्टीत मुलीला माझ्याकडे कुणी धाडलं, गणित शिकायला? तिला गणित येत होतं चांगलं!"

"आणि तू काय करत होतीस? लेकाला नवा शर्ट घालून बसवलं होतंस गणिताच्या तासाला!"

"मग? फाटका घालायचा होता?"

"तुझा लेक कधी तोंड उघडत नाही, तुझ्यासारखाच. माझी पोरगी भिंतीशी बोलून बोलून थकली."

"आणि तुझी पोरगी दुसऱ्याला तोंड उघडू देते का? तुझ्यावर गेलीय!"

"माझ्यावर गेलीय तर चांगलीच गेलीय!"

"मग तो म्हणत होता तेच खरं, ऐकूनच घेत नाही!"

सगळी बस कान देऊन ऐकत होती. छतातला गोड आवाज प्रयोगशाळेचं नाव सांगून गेला. पोरं पूल घेऊन उतरली, ती उतरतानाही मागे बघत. फाटक आलं, दार उघडलं, दार मिटलं. दोघींपैकी एकीलाही कळलं नाही. इतक्या वर्षांचं सगळं निघत होतं. नातीच्या वाढदिवसाला न आलेला फोन निघाला. शिडीच्या नवऱ्याचं आजारपण निघालं. तेव्हा भिंगरी इस्पितळाच्या खालच्या रस्त्यापर्यंत येऊन परत गेली होती, वर यायची हिंमत झाली नव्हती, हे शिडीला आज कळलं.

"वर यायचंस की गं."

"तुझा लेक होता ना वर. मला बघून त्याला काय वाटेल म्हणून..."

"त्याला काय वाटलं असतं? खुर्ची दिली असती त्यानं तुला. मला तिथं कुणी नव्हतं बोलायला. इतकी माणसं होती नि कुणी नव्हतं."

मग भिंगरी हातातल्या पिशवीचा बंद पिळत हळूच म्हणाली, "खरं सांगू का? कुणी म्हटलं असेल ते असो. आपल्याला एकमेकींना सोडायचं नव्हतं. लग्न तुझंमाझं लागलं आणि नांदायला पोरांना पाठवलं."

शिडीनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर दिसत काही नव्हतं, डोळे भरले होते.

"पोरांना सांगायला हवं होतं असं," ती म्हणाली.

"काय सांगणार? आम्हाला रोज भेटायला कारण हवं म्हणून तुम्ही सुखानं नांदा?" भिंगरीनं नाक ओढलं. "नांदले नाहीत ते नाहीत. पण पोरगी बघ कसली झालीय. माझी चाल आणि तुझी उंची."

"तुझी चाल? तिची चाल माझी आहे."

"बघ! बघ, पुन्हा तेच!"

बस थांबली. तरुण ड्रायव्हर बाई गॉगल डोक्यावर सारून मागे आली.

"मावशी, उतरावं लागेल. गाडी चार्जिंगला लागणार. तुम्हाला फाटकाशी नव्हतं का उतरायचं? मी दोनदा विचारलं."

"आमचं जरा बोलणं चाललं होतं," शिडी ओशाळून म्हणाली.

"ते ऐकलं सगळ्यांनी," बाई म्हणाली, आणि भिंगरीला उतरायला हात दिला.

त्या उतरल्या तिथं बसगाड्यांचा तळ होता. पांढऱ्या बस ओळीनं उभ्या, पोटाला जाड वायरी लावलेल्या. सगळीकडे दुपारचं ऊन आणि कुणी नाही. फाटक कुठल्या दिशेला, हेही कळेना. शिडीच्या पर्समध्ये फोन वाजला. नातीचा होता.

"उंच आजी, पोचलात का स्टेशनवर?"

"नाही गं."

"मग कुठं आहात?"

"काय माहीत बाई. जिकडं बघावं तिकडं बसच बस."

"आणि बुटकी आजी?"

"ही काय, माझ्याशेजारी उभी आहे. आमचं भांडण चाललंय."

पलीकडे श्वास अडकल्यासारखा झाला. पोरीनं घरात जे ऐकत लहानपण काढलं होतं ते सगळं त्या श्वासात होतं. "आजी, नका ना गं. आजच्या दिवशी तरी. मी आईला सांगू का? की बाबांना फोन लावू?"

शिडी तिला समजावायला शब्द शोधत होती, तेवढ्यात भिंगरीनं टाचा उंचावून तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"खबरदार कुणाला फोन लावशील तर!" ती ओरडली, इतकं की ओळीतल्या शेवटच्या बसशी उभी असलेली ड्रायव्हर बाई वळून बघू लागली. "हे आमचं भांडण आहे. तुझ्या आईबापाचा ह्यात काही संबंध नाही!"