सात घमेली निखारे

प्रार्थनेच्या सहाव्या दिवशी पाउलिना आजीच्या तोंडून परकी भाषा बाहेर पडली, आणि सोळा नंबर खाणीच्या वस्तीचं उरलंसुरलं डोकंही ठिकाणावर राहिलं नाही.

आजी ब्याऐंशी वर्षांची. तिला रशियनखेरीज दुसरं काही बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. त्या दुपारी संत बार्बराच्या चर्चखालच्या तळघरात ती बाकावर बसल्या बसल्या डुलायला लागली, जीभ अडखळली, आणि काहीतरी भलतंच पुटपुटत खाली घसरली. लोक धडपडत उभे राहिले. त्यातले चौघं उठले तसेच मटकन खाली बसले. दोन बायका आडव्या झाल्या, त्यांच्या डोक्याखाली कुणीतरी कोट सरकवले.

"पाहिलंत?" ब्रदर सेराफिन हात पसरून म्हणाला. "प्रेषितांच्या डोक्यावर ज्वाला उतरल्या तेव्हा काय झालं? घरात वारा घोंघावला. तुमच्या कानात आत्ता काय घोंघावतंय?"

"वारा," लोक म्हणाले. खरंच घोंघावत होतं.

"शास्त्रज्ञ म्हणतात, पाणी शंभर अंशांवर उकळतं. आत्मा विचारतो, कुणाच्या परवानगीनं? डॉक्टर म्हणतात, चक्कर आली. अरे, चक्कर नाही ती. देव तुला धरून हलवतोय, कारण तू चाळीस वर्षं हललाच नाहीस."

यावर लोक हसले, रडले, आणि बोटांतल्या अंगठ्या काढून ताटात टाकू लागले. त्या सोन्याचं कबूतर, पवित्र आत्म्याचं चिन्ह, ओतून वेदीवर टांगायचं होतं.

पेंटेकॉस्ट, म्हणजे प्रेषितांवर आत्मा उतरला आणि ते परक्या भाषांत बोलू लागले त्याचा सण. त्या सणापर्यंतचे नऊ दिवस ही प्रार्थना दरवर्षीच व्हायची. म्हणजे काय, तर सात म्हाताऱ्या, एक जपमाळ, आणि शेवटी चहाबरोबर राबर्बच्या आंबट देठांचा केक. ज्या काळात चर्चला बंदी होती तेव्हा याच म्हाताऱ्यांनी स्वयंपाकघरात पडदे ओढून लेकरांचे बाप्तिस्मे केले होते. आता बंदी नव्हती, पण माणसंच नव्हती. निम्मी वस्ती, मूळची जर्मन, जर्मनीला निघून गेली. त्यात यंदा फादर काझिमिर पाय घसरून पडले, खुबा मोडला, आणि कारागांडा शहरातल्या दवाखान्यात जाऊन पडले. अशा वेळी हा ब्रदर सेराफिन गाडी घेऊन हजर झाला. कुठून आला, कुणी पाठवला, हे कुणी विचारलं नाही. तळघर पहिल्यांदाच गच्च भरलं होतं. मिस्सेला, रविवारच्या उपासनेला, कधी न फिरकणारे खाणकामगारसुद्धा पुढच्या बाकांवर येऊन बसले होते. इतक्या वर्षांनी चर्चच्या मंडळीत जीव आला, तर त्याचं मूळ कोण शोधत बसतो?

ब्रदरचा थाट साधा होता. आत्म्याची दानं सात, म्हणून तळघरातल्या हॉलमध्ये सात लोखंडी घमेली. त्यांत साक्सौलचे निखारे. शिगेवर मटण भाजायला आपण वापरतो तेच लाकूड; धूर म्हणून नाही, नुसती लाल धग. खिडक्यांवर जाड ब्लँकेटं ठोकलेली, कारण "वारा आतूनच आला पाहिजे". मे महिना असूनही बाहेर बोचरी थंडी होती, त्यामुळे ब्लँकेटांना कुणी हरकत घेतली नाही.

बर्टा राउशनंही घेतली नाही, आणि तिनं घ्यायला हवी होती. बर्टा चौसष्ट वर्षांची. तीस वर्षं तिनं खाण-बचाव केंद्राच्या प्रयोगशाळेत काढली. खाणीत वायू सुटला की पथक रबरी पिशव्यांत तिथली हवा भरून आणायचं, आणि ती हवा माणसाला मारील की सोडील हे बर्टा सांगायची. पण ती असायची हॉलशेजारच्या स्वयंपाकघरात, समोवारपाशी. तिथलं अंगणाकडचं दार सताड उघडं. तिला ना चक्कर आली, ना कानात वारा घोंघावला. उलट ती मनात खट्टू झाली होती, की देव सगळ्यांना भेटतो आणि मलाच का नाही?

पाउलिना आजी काय बोलली ते मात्र तिला कळलं. ती कुठली स्वर्गाची भाषा नव्हती, जर्मन होती, व्होल्गाकाठची जुनी. तरुणांना ती येत नाही, आणि जुन्या माणसांच्या कानात वारा घोंघावत होता. आजी म्हणत होती, "आई, दार उघडायला सांग. मला श्वास घेता येत नाही." एकेचाळीस साली, युद्धात, जर्मन वंशाची म्हणून पाच वर्षांच्या आजीला रेल्वेच्या गुरांच्या डब्यात कोंबून इथे आणलं होतं. बर्टाला वाटलं, म्हातारीला तोच डबा आठवला. डोळे पुसून ती चहा गाळायला लागली.

खरा धक्का तिला आठव्या दिवशी, शनिवारी बसला.

त्या संध्याकाळी तिची मुलगी नेली घरी आली आणि दिव्याखाली बसून केसांच्या पिना काढू लागली. नेलीला सातवा महिना होता. याआधीची दोन मुलं पोटातच गेली होती. नवरा ट्रक घेऊन पंधरा-पंधरा दिवस बाहेर, म्हणून ती आईकडे राहायला आली होती. ब्रदरनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की हे मूल राहणार. सणाच्या दिवशी पोटातच त्याला आत्मा मिळणार. तेव्हापासून तिला मानाची जागा होती, पहिल्या दोन घमेल्यांच्या मधोमध.

"आई, बघ ना," नेली म्हणाली, "सगळ्या म्हणतात, माझ्या चेहऱ्यावर तेज आलंय."

बर्टानं बघितलं. गाल गुलाबी होते, ओठही. असा गुलाबी रंग तिनं पूर्वी एकदाच पाहिला होता. खाणीतून वर आणलेली अकरा माणसं अंगणात ओळीनं ठेवली होती, आणि त्यांच्या बायका म्हणत होत्या, अहो, हे तर झोपलेत, गाल बघा कसे लालबुंद आहेत.

तिच्या हातातली बशी तिनं खाली ठेवली.

"डोकं दुखतंय?"

"आठ दिवस दुखतंय. ब्रदर म्हणतात, आत्मा आत शिरताना दार करकरणारच."

"मळमळतं?"

"सातवा महिना आहे, आई. मळमळणारच."

"बाळ हलतंय का?"

नेलीनं पोटावर हात ठेवला. "आज जरा शांत आहे. प्रार्थनेत आहे म्हणाले ब्रदर."

"उद्या जाऊ नकोस. त्या निखाऱ्यांत वायू असणार. मला वाटतं..."

"तुला वाटतं," नेली म्हणाली. "आधीची दोन गेली तेव्हा तुझ्या डॉक्टरांना काय काय वाटत होतं. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, हाती काय लागलं? पहिल्यांदा कुणीतरी मला छातीठोकपणे सांगितलं की हे राहणार. तेही तुला बघवत नाही?"

"मी मोजून दाखवते."

"देवाला मोजणार? मोज. मी तोवर झोपते."

बर्टानं तिला हाताला धरून कोंडायला हवं होतं, चार बायकांना उठवायला हवं होतं, घमेल्यांवर पाणी ओतायला हवं होतं. पण तीस वर्षांची सवय हाडांत भिनलेली. आकडा हातात असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. एकदा नुसत्या संशयावरून तिनं अख्खी पाळी वर काढायला लावली होती आणि वायू निघाला नव्हता, तेव्हा साहेबानं सगळ्यांदेखत तिची खरडपट्टी काढली होती. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनाचा एक कोपरा अजूनही म्हणत होता, असेलही चमत्कार. आजी होण्याची आस तिलाही होतीच की.

रविवारी, पेंटेकॉस्टच्या सकाळी, नऊच्या पहिल्या बसनं ती बचाव केंद्रावर गेली. तिच्या हाताखाली शिकलेला झानात आता तिथला प्रमुख होता.

"आपा, चर्चच्या तळघरात खाण सुरू केलीत की काय?" तो हसत म्हणाला.

"हसू नकोस. हवा ओढायचा हातपंप दे आणि कार्बन मोनॉक्साइड मोजायच्या नळ्या दे."

तिचा चेहरा बघून त्यानं नळ्या घेतल्या, गाडी काढली. तरी पोचेपर्यंत साडेअकरा झाले. प्रार्थना दहाला सुरू झाली होती.

तळघरात त्या दिवशी घमेली काठोकाठ भरलेली होती. सणासाठी टांगलेल्या बर्चच्या फांद्यांखाली निम्मी माणसं जमिनीवर पडली होती, कुणी हसत होतं, कुणी ओकत होतं. ब्रदर सेराफिन मात्र ताजातवाना. तो उभा होता कोळसा उतरवायच्या जुन्या लोखंडी दाराला पाठ लावून, आणि दर दहा मिनिटांनी "प्रभू मला हाक मारतोय" म्हणत त्या दारातून बाहेर जाऊन येत होता. आठ दिवस सगळ्यांनी हे पाहिलं होतं. प्रभू नेहमी अंगणातूनच का हाक मारतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

बर्टा मधोमध जाऊन उभी राहिली. तिनं नळीची टोकं मोडली, पंपाला लावली, आणि दाबायला लागली. एक, दोन, तीन.

"बर्टाबाई," ब्रदर मिठास बोलला, "पवित्र आत्म्याला काचेच्या नळीत भरता? बाटली आणायची होती, लोणचं घातलं असतं."

लोक हसले, पण ते हसू जिभेवरच अडखळलं. बर्टा दाबत राहिली. नळीतली पांढरी पूड तपकिरी झाली. तपकिरी रंग पुढे सरकत सरकत शेवटच्या रेघेच्याही पार गेला. एकदाही मान वर न करता तिनं ती नळी पहिल्या बाकावरच्या ओटो गिझेच्या हातात दिली. ओटो खाणीतला जुना मुकादम, चाळीस वर्षं खाली काढलेला. तो आठ दिवस रोज रडत होता आणि म्हणत होता की त्याला मेलेली बायको दिसते.

ओटोनं नळी डोळ्यांजवळ धरली. पुन्हा धरली. मग तो बाकाला धरून उभा राहिला आणि अगदी खालच्या, सपाट आवाजात म्हणाला, "वायू आहे. बाहेर."

तेवढंच. पण हॉलमध्ये खाणकामगार होते, आणि या तीन शब्दांपुढे त्यांना ना देव ठाऊक होता ना ब्रदर. जो उठू शकला तो उठला, शेजारच्याची कॉलर पकडली आणि दाराकडे ओढायला लागला. दोनशे मीटर खाली यांना वायूची नुसती चाहूल पुरायची. वर आल्यावर त्याच वायूला त्यांनी आत्मा समजून पाया पडून घेतलं, कारण वायू खाली राहतो अशी यांची पक्की समजूत. चर्चमध्ये त्याचं काय काम?

"थांबा, सैतान तुम्हाला हाकलतोय," ब्रदर ओरडत होता. त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. झानातनं खिडक्यांची ब्लँकेटं फाडून काढली. बर्टानं पहिल्या दोन घमेल्यांमधून नेलीला काखेत हात घालून ओढलं. नेलीच्या चेहऱ्यावर हसू होतं. गाल गुलाबी होते.

ब्रदर लोखंडी दारातून पळाला, तो ओटोच्या माणसांनी गाडीपाशी धरला. झग्याच्या खिशात एक छोटं यंत्र सापडलं, घरात वायू झाला की किंचाळणारं. त्याचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. आवाज येऊ नये म्हणून त्याच्या भोकांवर चिकटपट्टी लावलेली होती. म्हणजे त्या हॉलमध्ये विज्ञानावर ठाम विश्वास असलेला एकच माणूस होता, आणि तो ब्रदर सेराफिन. दिवा किती लुकलुकला की बाहेर पडायचं, हे त्याला बिनचूक ठाऊक होतं. गाडीत अंगठ्यांची थैली होती आणि साक्सौलची नऊ पोती. कबुतराचं एक पीसही ओतलेलं नव्हतं.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नेलीच्या पोटावर यंत्र ठेवलं. इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. मग बंद करून बाजूला ठेवलं.

"आईला वाचवू," त्या बर्टाला म्हणाल्या.

वाचवलं. मुलगा होता. दोन दिवसांनी नेली शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागली, तेव्हा तिनं एकच विचारलं, "शनिवारी तुला कळलं होतं?"

"हो," बर्टा म्हणाली.

नेलीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी फादर काझिमिर कुबड्यांवर चर्चमध्ये आले. तळघराला कुलूप होतं. दारातच एक बाई बर्टाच्या गळ्यात पडून म्हणाली, "देवाची मर्जी गं. त्याला तो लहानगा देवदूत हवा होता." फादरनी ते ऐकलं. ते वेदीपाशी गेले आणि म्हणाले, "आज प्रवचन मी देणार नाही. बर्टा देईल."

बर्टाला भाषण येत नव्हतं. ती बाकाला धरूनच बोलली.

"देवाची मर्जी म्हणू नका. सात घमेली साक्सौल, बंद खिडक्या, दीड तास, असं म्हणा. कार्बन मोनॉक्साइड म्हणतात त्याला. रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा बळकावून बसतो. मग कानात घोंघावतं. तुम्ही म्हणालात, आत्म्याचा वारा. जीभ जड होते, माणूस भ्रमात आपल्या आईच्या भाषेत बोलतो. तुम्ही म्हणालात, नवी भाषा. पाउलिनाकाकू दार उघडा म्हणत होत्या. मला कळत होतं आणि मी चहा गाळत होते. पाय जातात, तुम्ही म्हणालात, देवानं पाडलं. पोटातल्या लेकराला हा वायू आईच्या आधी मारतो."

ओटो दोन्ही हातांत टोपी चुरगाळत बसला होता. नेली शेवटच्या बाकावर होती, आईकडे न बघता.

"मी देव मानते. तुम्हीही माना. पण जो तुम्हाला खिडकी उघडू देत नाही, त्याला का म्हणून विचारा. उत्तर आलं नाही तर खिडकी फोडा. डोकं दुखलं तर ते दुखतंय असंच म्हणा, त्याला दुसरं नाव देऊ नका. आणि पुराव्याची नळी हातात येईपर्यंत थांबू नका. मला शनिवारी कळलं होतं. मी रविवारपर्यंत थांबले. तुम्ही थांबू नका."