हीथ ओजर्सची जागा

मंगळवारच्या बैठकीत पिअर्स हॉलोवेनं भिंतीवरच्या पडद्यावर हीथ ओजर्सचं नाव आणलं. शेजारी दोनच आकडे होते. सोळा सामने, अकरा गोल. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, जिथे चेंडू हातांनी झेलून लाथेनं मारतात आणि एकेका सामन्यात डझनभर गोल होतात, हा आकडा फारच लहान होता.

"आघाडीचा खेळाडू म्हणवतो," पिअर्स म्हणाला, "आणि सोळा सामन्यांत अकरा गोल. तेही राखीव संघात. जूनमध्ये तीस पूर्ण होतील. माझ्या मते सोडून द्यावा."

रोवेना पास्कोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर्ट हॅल्डन क्लबच्या राखीव संघाची ती चार वर्षं प्रशिक्षक होती. त्याआधी अकरा वर्षं स्वतः खेळली होती, दोनदा नाक मोडून घेतलं होतं. पिअर्सकडे खेळाडूंची यादी असायची. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे तो ठरवायचा, आणि आठ वर्षांत त्याच्या बुटांना चिखल लागलेला कुणी पाहिला नव्हता.

"अकराच का झाले, तेही सांग ना," ती म्हणाली.

"कारणं पडद्यावर मावत नाहीत, रो."

"मग मी सांगते. माल्कम, मी सांगू की तू सांगतोस?"

मुख्य प्रशिक्षक माल्कम ड्रू टेबलाच्या टोकाला बसून कॉफीचा कागदी पेला फिरवत होता. त्यानं मान वर केली नाही.

हीथ हा वेडरबर्नकडचा, घरांच्या छपरांवर कौलं घालणारा गडी. सव्विसाव्या वर्षापर्यंत गावाकडच्या स्पर्धेत खेळला. एका मोसमात त्यानं ब्याण्णव गोल केले तेव्हा कुठे शहरातल्या क्लबांना तो दिसला. पोर्ट हॅल्डननं त्याला उचललं. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव कौल्या ठेवलं. तीन वर्षांत तो मुख्य संघातून नऊ वेळा खेळला, तेसुद्धा कुणाचा गुडघा गेला, कुणाला ताप आला म्हणून. बाकी सगळा काळ रोवेनाच्या हाताखाली.

यंदाच्या मार्चमध्ये ड्रूनं तिला बोलावून घेतलं होतं. क्लबनं नुकताच जेट कॉलिस नावाचा एकोणीस वर्षांचा आघाडीवीर मिळवला होता. हरणासारखा उडायचा, पण अंगावर मांस नव्हतं. प्रत्येक सामन्यात दोन-दोन बचावपटू मिळून त्याला जमिनीवर आडवा करायचे. "कौल्याला जेटच्या पुढे उभा कर," ड्रू म्हणाला होता. "चेंडू आला की दुसऱ्या बचावपटूच्या वाटेत कौल्यानं जायचं. जेटला उडी मारायला मोकळी जागा मिळाली पाहिजे."

रोवेनानं हीथला ते सांगितलं तेव्हा त्यानं मान खाजवली. "म्हणजे मी चेंडूकडे बघायचंच नाही?"

"बघ की. पण आधी जेटच्या अंगावर येणारा माणूस बघ."

"आणि वर्षाअखेरीला विचारलं, कौल्या, तुझे गोल कुठायत?"

"ते धरलं जाईल. ड्रूनं मला शब्द दिलाय."

मग हीथनं तसंच केलं. दोन बोटं आणि एक बरगडी मोडून घेतली. जेटनं एक्कावन्न गोल केले आणि वर्तमानपत्रात त्याचे उडते फोटो आले. फोटोच्या कोपऱ्यात कधीकधी हीथची पाठ दिसायची.

हे सगळं रोवेनानं त्या खोलीत एका दमात सांगून टाकलं. पिअर्सनं शांतपणे ड्रूकडे पाहिलं.

"तेव्हाची गरज वेगळी होती," ड्रू पेल्याशी बोलल्यासारखा बोलला.

"तू शब्द दिला होतास!"

"मी म्हणालो होतो, लक्षात ठेवू. लक्षात आहेच."

"अरे, मग तो म्हातारा झाला म्हणा! अठरा वर्षांचा कुणी हवाय म्हणा! मी भांडेन, हरेन, गप्प बसेन. पण ज्या माणसाला तुम्हीच गोल करू दिले नाहीत, त्याला गोल येत नाहीत म्हणून हाकलता? जरा तरी लाज ठेवा!"

"आवाज खाली," पिअर्स म्हणाला. "ठरलंय. आणि शनिवारचा उपांत्य सामना होईपर्यंत त्याला कुणी काही बोलायचं नाही. त्याचं लक्ष उडायला नको."

रोवेना टेबलावर पुढे झुकली. "म्हणजे शनिवारी अजून एकदा त्यानं जेटसाठी बरगड्या मोडून घ्यायच्या. मग सोमवारी तुम्ही त्याला सांगणार."

ती खुर्ची ढकलून उठली. बाहेर पडताना तिनं दार आपटलं.

गुरुवारी सराव संपल्यावर तिनं हीथला सामानाच्या खोलीमागे गाठलं. खाडीवरून बोचरा वारा येत होता. तो भिंतीला टेकून बोटांची पट्टी सोडवत होता.

"तुला यादीतून काढणारेत," ती म्हणाली. तिला गोड बोलणं कधीच जमलं नव्हतं.

त्यानं पट्टी सोडवणं थांबवलं नाही. "कशासाठी?"

"गोल कमी म्हणून."

आता तो थांबला. त्याचा चेहरा हळूहळू मानेपासून लाल होत गेला. तिला वाटलं होतं, तो ड्रूला शिव्या देईल, पिअर्सच्या नावानं ओरडेल. तो तिच्यावरच उलटला.

"तू म्हणाली होतीस धरलं जाईल. ड्रू नाही आला मला सांगायला. तू आलीस."

"हो."

"बायको म्हणत होती, लेखी घे. मी तिला म्हणालो, रो आहे ना. रो खेळलेली बाई आहे, ती फसवायची नाही."

"मी भांडले, हीथ."

"भांडलीस! आणि मग? तुझी नोकरी आहे. जेटचे गोल आहेत. माझ्याकडे काय आहे? वाकडी बोटं?" त्यानं हात तिच्या तोंडासमोर धरला. "सहा महिने मी कुत्र्यासारखा दुसऱ्याच्या चेंडूमागे धावलो. तू सांगितलंस म्हणून!"

त्याचं खरं होतं. ती फक्त निरोप्या होती, हे बोलायचीही तिला लाज वाटली.

"काय करू सांग," ती म्हणाली.

"शनिवारी मला गोलासमोर उभा कर. जेटचं जेट बघेल. एक दिवस मी चेंडूकडे बघणार."

"ड्रू माझं डोकं उडवेल."

"उडवू दे. माझं उडवलंच की."

शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत तिनं फळ्यावर हीथचं नाव गोलाच्या अगदी तोंडाशी लिहिलं आणि जेटचं बाजूला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. जेट म्हणाला, "रो, मग माझ्यासमोर कोण?"

"कुणी नाही. आज तुला अंग चोरून खेळता यायचं नाही."

पंचानं मधोमध चेंडू आपटला आणि सामना सुरू झाला. पहिल्या वीस मिनिटांत हीथचं काही धड झालं नाही. छातीवर आलेला सोपा चेंडू हातातून निसटला. मग अगदी समोरून, तीस पावलांवरून, त्यानं दोनदा लाथ मारली आणि दोन्ही वेळा चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. गोलाच्या सहा गुणांच्या जागी एकेकच गुण. कठड्यापाशी खिम्याचं पॅटिस खात उभा असलेला एक म्हातारा ओरडला, "अरे कौल्या, छपरावर चढ परत!" हीथनं वळून अशी शिवी हासडली की म्हाताऱ्याच्या हातातलं पॅटिस खाली पडलं.

तिकडे जेटवर दोन धिप्पाड बचावपटू तुटून पडत होते. एकदा तो तोंडावर आपटला आणि उठताना त्यानं हीथकडे पाहिलं. हीथनं मान फिरवली. रोवेनाला ते पाहवलं नाही, पण तिनं जागा बदलल्या नाहीत.

बाकावरचा फोन खणखणला. वर गॅलरीत बसलेला ड्रू होता. "हा काय तमाशा चाललाय? कौल्याला जेटच्या पुढे घे. आत्ता."

"नाही."

"रोवेना, हा हुकूम आहे."

"मग खाली ये. पोरांसमोर दे हुकूम, आणि कौल्याला सोमवारी काय सांगणार आहेस तेही त्यांच्यासमोरच सांग."

ड्रू खाली आला नाही. तिनं फोन बाकाखाली ठेवून दिला.

दुसऱ्या सत्रात हीथनं तिघांच्या डोक्यावरून चेंडू उचलला आणि गोल मारला. त्यानं हात वर केले नाहीत, हसला नाही. पुढचा चेंडू आला, पुन्हा गोल. त्याच्या पायात सहा महिन्यांचा राग साठला होता आणि तो आता मोकळा होत होता. बचावपटू त्याच्या पाठीला लटकायचे, तो त्यांना घेऊन तसाच उडी मारायचा. शेवटच्या सत्रापर्यंत त्याचे सहा गोल झाले होते. कठड्यापाशी माणसं त्याचं नाव घेऊन ओरडत होती, आणि सगळ्यांत मोठा आवाज त्या म्हाताऱ्याचा होता.

पोर्ट हॅल्डन तीन गुणांनी हरलं.

खोलीत जेटचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. बर्फाची पिशवी धरून तो हीथसमोर उभा राहिला. "मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

हीथ बुटाची नाडी सोडत होता. "काही नाही," तो म्हणाला. "तू काहीच नाही केलंस. दुसऱ्यांचा राग तुझ्यावर निघाला. चुकलं."

रोवेना दारात उभी राहून ऐकत होती. जेटची जागा फळ्यावर तिनंच लिहिली होती. आपलंही चुकलं, हे तिला तिथे म्हणता आलं असतं. तिनं म्हटलं नाही.

सोमवारी पडद्यावर पुन्हा हीथचं नाव होतं. पिअर्स उत्साहात होता. "एका उपांत्य सामन्यात सहा गोल! आम्ही फेरविचार केलाय. एक वर्ष ठेवू. समर्थकांची पत्रांवर पत्रं आलीयेत."

"मंगळवारी मी हेच सांगत होते," रोवेना म्हणाली.

"तेव्हा पुरावा नव्हता."

तिला वाटलं टेबल उलथून टाकावं. ड्रूनं घसा साफ केला. "दुसरी गोष्ट. बंद खोलीतलं बोलणं तू बाहेर नेलंस. वर माझा हुकूम मोडलास. पुढच्या मोसमासाठी आम्ही दुसरा माणूस बघतोय."

"ज्या गोष्टीमुळे तो तुम्हाला हवासा झाला, त्याच गोष्टीसाठी मला काढता?"

"ते वेगळं आहे."

"तुझं सगळंच वेगळं असतं, माल्कम! तेव्हाची गरज वेगळी, आजचं वेगळं. एक दिवस तुझ्या नावासमोरही कुणीतरी दोन आकडे लावेल. तेव्हा बघू तुझ्या बाजूनं कोण उभं राहतं." तिनं शिट्टी टेबलावर फेकली. ती घसरत पिअर्सच्या मांडीवर जाऊन पडली.

फाटकापाशी हीथ उभा होता. हातात कराराचा कागद, चुरगळलेला. तिला काढल्याचं त्याला कळलं होतं. "मी सही करत नाही. तोंडावर फेकतो त्यांच्या."

"गाढवा!" ती इतक्या जोरात ओरडली की तिकीटखिडकीतली बाई डोकावली. "माझ्यासाठी हुतात्मा व्हायला सांगितलंय का तुला कुणी? तुला खेळायचंय ना?"

"खेळायचंय."

"मग कर सही. आणि यापुढे कुणाच्याही शब्दावर जाऊ नकोस. माझ्यासुद्धा नाही."

"गुरुवारी मी तुला फार बोललो."

"खरं तेच बोललास. जा आता."

त्यानं सही केली. रोवेना त्याच उन्हाळ्यात बॅलरॅटजवळच्या एका गावच्या संघाकडे गेली. तिथे मैदानावर सकाळी कांगारू चरत असायचे आणि तिचं ओरडणं ऐकून पळायचे.

पुढच्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी ती टीव्हीसमोर पाय वर करून बसली होती. हीथ मुख्य संघात होता, सलग सहावा सामना. मध्यंतरात पडद्यावर माल्कम ड्रू आला, केस नीट विंचरलेले. "उशिरा आलेल्या खेळाडूंना वेळ द्यावा लागतो," तो म्हणाला. "ओजर्सवर आमचा पहिल्यापासून विश्वास होता."

"खोटारड्या!" रोवेना किंचाळली आणि पायातली चप्पल भिरकावली. ती टीव्हीला न लागता खिडकीच्या पडद्यात अडकली. तिनं उठून टीव्ही बंद केला, स्वयंपाकघरात गेली, चहाचं पाणी ठेवलं, पुन्हा काढलं. पाचेक मिनिटं घरभर फेऱ्या मारल्या.

मग परत येऊन तिनं टीव्ही लावला. तेवढ्यात हीथचा तिसरा गोल होऊन गेला होता.