साहेबांच्या उशाशी असलेली घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. जेमतेम मुठीत मावेन, पण माझा आवाज ऐकला की भलेभले घाबरून उभे राहायचे. खरं सांगू का मित्रांनो, मी स्वतःच जन्माची भित्री आहे. कारागिराने मला साच्यातून काढलं तेव्हाच मी थरथरत होते. तो हसून म्हणाला होता की थरथरते म्हणूनच तर ही वाजते.

पुढे मी देशाचा कारभार पाहणाऱ्या साहेबांच्या टेबलावर आले. त्यांचा नियम कडक होता. त्यांनी घंटा वाजवून बोलावल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही, मग तो मंत्री असो की पोटची मुलगी. एकदा ती परीक्षेचा निकाल घेऊन दाराबाहेर तासभर ताटकळली होती. बिचारीचे पाय दुखून आले, पण दार ढकलायची छाती झाली नाही.

मग साहेब अंथरुणाला खिळले आणि मी टेबलावरून त्यांच्या उशाशी आले. आपली दुबळी अवस्था कुणी पाहू नये, असा त्यांचा हट्ट होता. म्हणून नर्सबाईसुद्धा बाहेरच बसायच्या. शेजारच्या खोलीत पुढचा साहेब कोण, याची खलबतं चालायची. मी किणकिणले की तिथे सगळे दचकायचे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! शेवटी साहेबांच्या चिटणिसांनी एका दुपारी ते झोपलेले पाहून, चोरपावलांनी आत येऊन माझ्या पोटात कापसाचा बोळा कोंबला. बैठक संपली की काढू, असं ते पुटपुटले. बैठक लांबली आणि ते विसरले.

साहेब जागे झाले. त्यांना श्वास पुरेना. त्यांनी मला उचलून हलवलं. मी वाजले नाही. त्यांनी पुन्हा हलवलं, मग दोन्ही हातांनी. मित्रांनो, इतकी मी कधीच घाबरले नव्हते. मुलीचं नाव त्यांच्या ओठांवर होतं, पण आवाज फुटत नव्हता. दारापलीकडे ती शिपायाशी बोलत होती, ते मला ऐकू येत होतं.

"काका, बाबांनी घंटा वाजवली का?"

"नाही ताई. वाजली की आधी तुम्हालाच सांगेन."

संध्याकाळी डॉक्टर आले, तेव्हा दार उघडलं. साहेबांच्या गार पडलेल्या मुठीतून मुलीने मला सोडवलं. मी वाजले नाही, म्हणून तिने मला उलटं करून पाहिलं. बोळा हातात आला. चिटणिसांचा चेहरा पांढराफटक पडला. ती एवढंच म्हणाली, "बाबा बोलावत होते."

साहेबांनी शांतपणे प्राण सोडले, असं रेडिओवर सांगितलं गेलं. ती कसली शांतता होती, ते मला ठाऊक आहे.

आता मी मुलीच्या घरी फळीवर असते. माझ्यावर धूळ बसते, त्याचं मला काही वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणी आजारी असेल, तर घंटेच्या भरवशावर राहू नका. ते रागावले तरी चालेल, पण न बोलावता आत जा.