जिना चढताना धाप

हृदयाची झडप बदललेल्या म्हाताऱ्यांना दरवर्षी फोन करून विचारपूस करायची, हे सिस्टरचं काम. मास्तरांच्या घरी फोन नेहमी बायकोच उचलायची.

"जिना चढताना धाप लागते?"

"छे! तीन मजले एका दमात चढतात."

तीन वर्षं सिस्टरने खुशाल 'उत्तम' लिहिलं.

यंदा फोन मुलाने घेतला. "बाबा? ते तर ऑपरेशन होऊन घरी आल्यावर महिन्याभरातच गेले."

सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला. पेशंटशी न बोलता फॉर्म भरायचा गाढवपणा तिचाच होता. चडफडत तिने 'उत्तम' खोडायला पेन उचललं. तेवढ्यात फोनवर मुलाच्या मागून म्हातारी म्हणाली, "थांब, आलेच बघ ते."

फोनमध्ये जिन्यावरची पावलं वाजली. पावलं वर आली, फोनपाशी थांबली.

धाप अजिबात लागली नव्हती.